माहेरची आखाजी आणि हक्कसोड

खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. रब्बीचा माल घरात आलेला, खरिपाला अजून अवकाश. अशा वेळी जळगाव-धुळ्याच्या गावांत सासुरवाशिणी माहेरी येत. भाऊ मुऱ्हाळी होऊन आणायला जाई. निंबाला झोके बांधले जात, गौराईची गाणी रंगत, पुरणपोळीसोबत आमरस असे. त्याच दिवशी पितरांची घागर पुजायची, सालदाराचं सालही त्याच दिवशी संपायचं. १८८० साली असोद्याला जन्मून जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींनाही या सणावर कविता सुचली.

या जिव्हाळ्यामागे एक न लिहिलेला करार होता. जमीन मुलांची, मुलीला माहेर. साडीचोळी, पहिलं बाळंतपण, भाचीच्या लग्नातला मान, एवढ्यावर तिचा वाटा फिटला असं सगळे धरून चालत.

१९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क दिला, पण सुरुवातीला शेतजमीन त्यातून वगळली गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी वारस ठरली. वडील गेले की वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे बहिणींची नावं जाऊ लागली आणि त्यापाठोपाठ बहिणीनं आपला वाटा भावांसाठी सोडल्याची सही घेणारं हक्कसोड पत्र आलं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच सहहिस्सेदार झाली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेली. ती दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं.

कायदा पुढे गेला, करार तिथेच राहिला. तापीकाठच्या केळीच्या रानाला, महामार्गालगतच्या शेताला भाव चढला, तशी सहीची किंमतही वाढली.

सही न करणाऱ्या बहिणीशी भांडण होतंच असं नाही. मुऱ्हाळी येत नाही, एवढंच. मग फोन थांबतो, लग्नाची पत्रिका तिसऱ्याच्या हाती येते, भाचरांना आत्या ओळखू येत नाही. सही करणाऱ्या अनेकजणी याच भीतीपोटी करतात. उद्या नवऱ्याघरी काही बिनसलं तर जायचं कुठे? वाटा मागणाऱ्या बहिणीला लोभी म्हणणं अन्यायाचं आहे. अबोल्याचं मूळ तिच्या मागणीत नाही, माहेरपणाला घातलेल्या अटीत आहे.

भावांना एवढीच विनंती: कागद पुढे करण्याआधी बहिणीला तिचा वाटा किती, आज त्याचा भाव काय, हे सांगा. आणि सही केली नाहीस तरी आखाजीला न्यायला येईन, हेही तोंडानं बोला.