चिमूटभर मीठ, मूठभर साखर

दिवाळीचे दिवे लागतात आणि आमच्या धारूर तालुक्यातील कित्येक घरांना कुलपे पडू लागतात. तेलगावास स्वतःचा साखर कारखाना आहे. तरीही भोवतालच्या कोरडवाहू वाड्यातांड्यांवरील माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एक दिवस खाडा झाला तर दंड. आणि राहावयास उसाच्या पाचटाची कोपी. तेथे ना न्हाणी, ना पुरेसे पाणी.

या जिण्याचा हिशेब २०१९ साली शासकीय समितीपुढे आला. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. अंगावर काढलेली दुखणी, कोवळ्या वयातील लग्ने आणि खाड्याची धास्ती यांतून वाट काढावयाची ती अशी!

याच कोरड्या मुलखात, जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे जामखेड येथे, निराळी वाटही निघाली होती. रजनीकांत व मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली तेथे आले. लवकरच दुष्काळ पडला. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, पाण्याची होती. आरोळ्यांनी विंधनविहिरी घेतल्या आणि त्या दलित वस्तीत घेतल्या. तहान लागल्यावर वरच्या आळीलाही तेथवर यावे लागले.

शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहीनात. तेव्हा गावच्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. बाळंतपण स्वच्छ कसे करावे, लहानग्यांना काय भरवावे, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, हे त्या शिकल्या. शेतकऱ्यांच्या मंडळांनी बांध घातले, झाडे लावली. १९७१ साली तेथे जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पुढल्या पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्याही खाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ग्रंथात या कामाचा वृत्तान्त दिला आणि १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ऊसतोडीच्या बाईला दवाखाना भेटलाच नाही असे नव्हे. शस्त्रक्रिया झाली ती दवाखान्यातच. तिला मिळाले नाही ते पाणी, मजुरी न बुडता मिळणारी विश्रांती आणि ‘थांब, याला साधा उपाय आहे’ असे सांगणारी शहाणी शेजारीण. जामखेडने हेच आधी दिले. आरोग्य पोटापाण्यापासून वेगळे काढून वाटता येत नाही, हा तेथला धडा आहे.

चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर यांनी तेथे लेकरे वाचली. ती साखर ज्या हातांनी आपल्या फराळाच्या ताटापर्यंत आणली, त्या हातांचे आपण काही देणे लागतो.