उभयचर नायक आणि त्याचा किनारा

तेरखेडा हे धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले, बालाघाटच्या डोंगरांतले गाव. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे ते दूरवर ओळखले जाते; म्हणजे गावाचे नाव जोडले गेले ते आगीशी, पाण्याशी नव्हे. समुद्र इथून तीनेकशे किलोमीटरांवर, आणि जवळच्या विहिरीचे पाणीही उन्हाळाभर पुरेलच अशी खात्री नसते. अशा गावातून अ‍ॅक्वामॅन या पाण्यात श्वास घेणाऱ्या अमेरिकी चित्रकथानायकाविषयी लिहिणे वरकरणी विसंगत वाटेल. परंतु पाणी आणि जमीन या दोहोंशी नाते असलेला पुरुष या मुलखाला मुळीच अपरिचित नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान आहे. नवनाथांच्या कथेत मच्छिंद्र मासळीच्या पोटी वाढतो आणि पाण्यात असतानाच शंकराने पार्वतीला केलेला उपदेश ऐकतो. प्रभातने १९३२ साली व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला, त्यात गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ झाले होते. त्या कथेचा पेच स्त्रीराज्याचा आणि गुरुशिष्यांचा आहे. नाथ मूळचा पाण्यातला की जमिनीवरचा, हा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. गुरुपरंपरा लाभली की जन्माची चौकशी संपते.

अमेरिकी चित्रकथांतल्या उभयचराला मात्र हाच प्रश्न सतत छळत आला. त्याचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, या एका प्रश्नाला दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

त्या परंपरेतला थोरला भाऊ अ‍ॅक्वामॅन नव्हे, नेमॉर. बिल एव्हरेट या चित्रकाराने १९३९ साली त्याला जन्म दिला. त्याचे नाव ‘रोमन’ हा इंग्रजी शब्द उलटा लिहून बनवलेले. आई समुद्राखालच्या राज्याची राजकन्या, बाप अमेरिकी जहाजाचा कप्तान. आपल्या लोकांवर जमिनीवरच्या माणसांनी केलेल्या अन्यायाचा सूड घेण्यासाठी तो थेट न्यूयॉर्कवर चालून जातो. संमिश्र रक्त आणि संताप या दोन्ही गोष्टी नेमॉरपाशी पहिल्यापासून होत्या.

अ‍ॅक्वामॅन त्याच्यामागून दोन वर्षांनी, १९४१ मध्ये ‘मोअर फन कॉमिक्स’च्या ७३ व्या अंकात आला. लेखक मॉर्ट वायसिंगर, चित्रकार पॉल नॉरिस. पहिल्याच कथेत तो जर्मन पाणबुडीशी झुंजतो. मात्र आज सर्वपरिचित असलेली त्याची जन्मकथा त्यात नाही. तिथे त्याचा बाप समुद्रसंशोधक आहे. त्याला पाण्याखाली एका प्राचीन नगरीचे अवशेष सापडतात आणि तिथल्या विद्येच्या बळावर तो मुलाला पाण्यात जगायला शिकवतो. म्हणजे हा पहिला अ‍ॅक्वामॅन जन्माने पूर्णपणे माणूसच होता. त्याचे उभयचरत्व शिक्षणातून आलेले होते. संमिश्र रक्ताची कथा त्याला १९५९ मध्ये मिळाली. रॉबर्ट बर्नस्टीन आणि रमोना फ्रॅडन यांनी त्याला आर्थर करी हे नाव दिले. दीपगृहाचा रखवालदार टॉम करी हा बाप दिला आणि अटलांटिसमधून आलेली अटलाना ही आई दिली. पुढे एक मर्यादाही घातली गेली: तासाभरात पाण्याचा स्पर्श झाला नाही, तर त्याचे बळ सरते. दुष्काळी मुलखातल्या वाचकाला ही मर्यादा समजावून सांगावी लागत नाही.

दोन जगांच्या मधोमध दीपगृह उभे करणे ही मोठी सूचक कल्पना होती. पण तिचे मोल पडद्याला कळायला जवळजवळ साठ वर्षे लागली. फिल्मेशन या कंपनीने १९६७ साली सीबीएस वाहिनीसाठी त्याची व्यंगचित्रमालिका काढली. त्यात तो समुद्रघोड्यावर बसतो, माशांना हुकूम सोडतो आणि दर भागात कोणा ना कोणा खलनायकाला पळवून लावतो. १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘सुपर फ्रेंड्स’ या मालिकेत तो सुपरमॅन-बॅटमॅनांच्या रांगेत बसला आणि तिथेच हास्यास्पद ठरला. संकट शहरात असले की त्याला काम नसे, म्हणून कथाकारांना कुठूनतरी पाणी आणावे लागे. माशांशी बोलणारा माणूस ही अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टा झाली. या थट्टेचे कारण सहसा त्याच्या शक्तीत शोधले जाते, ते मला पटत नाही. सुपरमॅनची शक्ती काही कमी हास्यास्पद नाही. परंतु त्याच्यामागे नष्ट झालेला ग्रह आणि कॅन्ससमधले शेतकरी आईबाप उभे असतात. दूरचित्रवाणीने अ‍ॅक्वामॅनची शक्ती घेतली. त्याचे घर, त्याचा दुभंग मागेच सोडून दिला. ज्याला कुठे परतायचेच नाही, असा नायक केवळ करामतीपुरता उरतो.

चित्रकथांनी ही उणीव आधी ओळखली. पीटर डेव्हिड यांनी १९९४ मध्ये त्याचा एक हात तोडून तिथे आकडा बसवला, त्याला दाढी दिली आणि रागही दिला. जेफ जॉन्स आणि इव्हान रेईस यांनी २०११ मध्ये नवी मालिका सुरू केली, तेव्हा त्यांनी ही थट्टाच कथेत आणली: जमिनीवरचे लोक त्याला तोंडावर हसतात आणि अटलांटिसचे लोक त्याला आपला मानत नाहीत.

याच जॉन्स यांच्या कथासहभागाने जेम्स वान यांनी २०१८ चा ‘अ‍ॅक्वामॅन’ उभा केला. भारतात तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी, १४ डिसेंबरला लागला. या चित्रपटाचा खरा निर्णय पात्रयोजनेत होता. जन्माने हवाईचा असलेला जेसन मोमोआ आर्थर झाला आणि त्याचा बाप न्यूझीलंडच्या माओरी वंशाचा टेमुएरा मॉरिसन. मुळात सोनेरी केसांचा असलेला हा नायक त्यामुळे पॅसिफिक बेटांचा झाला. समुद्र हेच ज्यांचे अंगण आणि समुद्रमार्गे आलेल्यांनी ज्यांची जमीन घेतली, अशा लोकांचा. मग भावाशी होणारे सिंहासनाचे भांडण वेगळे दिसू लागते. शुद्ध रक्ताचा ऑर्म त्याला कमअस्सल म्हणून हिणवतो आणि जमिनीवरच्यांनी समुद्रात टाकलेला कचरा एका महालाटेने त्यांच्याच किनाऱ्यावर परत फेकतो. ऑर्मची तक्रार खरी आहे, उपाय क्रूर आहे. आणि दोन्ही बाजू कळतात ते फक्त दोन्हीकडच्या माणसाला. अभिनेत्यांना तारांवर लोंबकळत ठेवून, त्यांचे तरंगणारे केस संगणकावर रंगवून पाण्याखालचे हे जग घडवले गेले. ते कित्येकदा भडक वाटते. पण चित्रपटाने जगभर शंभर कोटी डॉलरांहून अधिक कमावले, ते केवळ भडकपणावर नसावे.

नेमॉरच्या बाबतीतही चार वर्षांनी असेच घडले. रायन कूगलर यांच्या २०२२ मधल्या ‘ब्लॅक पँथर: वाकांडा फॉरएव्हर’मध्ये त्याचे अटलांटिस बदलून तालोकान झाले. सोळाव्या शतकात स्पॅनिश आक्रमण आणि देवीची साथ यांतून वाचण्यासाठी पाण्यात उतरलेल्या माया लोकांची ती वस्ती. तेनोच उएर्ता या मेक्सिकन नटाने ती भूमिका केली. एव्हरेटच्या नेमॉरचा राग आता विशिष्ट इतिहासातून आला.

या बदलांना बाजारपेठेची गणिते म्हणून मोडीत काढता येईल, आणि ती गणिते तिथे असणारच. पण मग ‘अ‍ॅक्वामॅन अँड द लॉस्ट किंगडम’ या २०२३ च्या उत्तरार्धाची मिळकत पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी का झाली? तोच नट, तोच दिग्दर्शक होता. माझ्या दृष्टीने एक कारण असे, की तोवर आर्थर राजा झाला होता आणि तो कोणाचा, हा प्रश्न मिटला होता. दरबार आणि दीपगृहातले तान्हे मूल यांच्यातली त्याची ओढाताण विनोदापुरती उरली.

मराठवाड्यातून दर दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कित्येक घरांतली मुले पुण्या-मुंबईला स्थिरावतात. तिथे त्यांना बोलीवरून ‘मराठवाड्याकडचे’ म्हणतात, आणि सणाला गावी आली की गाव त्यांना ‘पुण्याचे’ म्हणते. नाथपंथात एकदा दीक्षा घेतली की जन्मस्थळ पुसले जाते. ही सोय या मुलांना नाही. म्हणून मच्छिंद्रनाथ त्यांचे दैवत असेल, पण गोष्ट मात्र आर्थर करीची त्यांच्या अधिक जवळची आहे. पाण्याखाली श्वास घेणे ही त्या गोष्टीतली सोपी करामत. वर आल्यावर ‘तू कुठला?’ असे विचारणाऱ्याला दोन गावांची नावे सांगणे आणि दोन्ही खरी मानायला लावणे, हे त्याहून अवघड काम आहे.