अँटिबायोटिक : एका शब्दाची गोष्ट

काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळलेत, की त्यांचा अर्थ विचारावा असं वाटतच नाही. 'अँटिबायोटिक' त्यातलाच एक. "डॉक्टर, साधी गोळी नको, अँटिबायोटिकच द्या," असं म्हणणाऱ्याला हवी असते फक्त जास्त ताकदीची गोळी.

शब्दाचं मूळ ग्रीक. 'अँटी' म्हणजे विरुद्ध, 'बायोस' म्हणजे जीवन. आपला 'प्रतिजैविक' हा शब्दही त्याच वळणाचा. पण कुणाच्या जीवनाविरुद्ध?

१८८९ साली पॉल विल्मँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 'अँटिबायोसिस' ही कल्पना मांडली, तेव्हा तिचा औषधाशी काही संबंध नव्हता. स्वतः जगण्यासाठी एका जीवाने दुसऱ्याचा नाश करायचा, या निसर्गातल्या व्यवहाराला दिलेलं ते नाव होतं. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना हाच व्यवहार काचेच्या बशीत दिसला. बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. त्या बुरशीतल्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन म्हटलं.

'अँटिबायोटिक' या शब्दाला आजचा अर्थ दिला तो अमेरिकेतल्या सेल्मन वॅक्समन यांनी, १९४०नंतरच्या दोन-तीन वर्षांत. ते मातीतल्या सूक्ष्मजीवांचे अभ्यासक. एका सूक्ष्मजीवाने तयार केलेलं आणि दुसऱ्या सूक्ष्मजीवाची वाढ रोखणारं किंवा त्याला मारणारं द्रव्य, अशी त्यांची व्याख्या. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९४३ साली अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन शोधलं आणि क्षयाच्या रोग्यांना आशा मिळाली. या व्याख्येत रसायनांपासून बनवलेली सल्फा औषधं बसत नव्हती. पुढे रोजच्या बोलण्यात हा फरक पुसला गेला.

आपल्याकडे हा शब्द थेट कारखान्याच्या पाटीवर आला. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं.

तर ही लढाई जिवाणूंशी आहे, तापाशी नव्हे. साधी सर्दी होते विषाणूंमुळे. तिथे ही गोळी काय करणार? उलट उगाच घेत राहिलं, की औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे उरतात आणि वाढतात. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, हे फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं. म्हणून "याची गरज नाही" म्हणणारा डॉक्टर कंजूष नसतो हो, त्याला शब्दाचा अर्थ ठाऊक असतो.