ठरविलेली तिथी लोटल्यावर

अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानीएलच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे वर्षे असे मानून प्रभूच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तिथी मुक्रर केली. ती लोटली. मिलर यांनी गणनेतील चूक मान्य केली. परंतु पुनरागमन अगदी समीप आहे, ही धारणा १८४९ साली ६७व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. असे का व्हावे? त्या आशेपायी काहींनी उभी पिके शेतात सोडली होती, काहींनी आपल्या मंडळ्यांचा बहिष्कार सोसला होता. ती शिकवण टाकणे म्हणजे आपले आयुष्य व्यर्थ ठरविणे होते. वृद्ध श्रद्धावंतांची आकडेमोड खोडण्यापूर्वी आपण हे ध्यानी धरावे. तिथी पित्याच्या हाती आहे, हे मत्तय २४:३६ वरून शिकवावे. त्यांची प्रतीक्षा मात्र वाया गेली नाही, हेही सांगावे.