बिगरपीक जागांतील तणनाशक-मिश्रणे : भिवंडी परिसर

वीज उपकेंद्रे, वीजवाहिन्यांखालचे पट्टे, लोहमार्ग, गोदामांची आवारे, जलवाहिन्यांच्या कडा अशा पीक नसलेल्या जागी वाढणारे गवत, वेली व झुडपे आटोक्यात ठेवण्यासाठी दोन किंवा अधिक तणनाशके एकत्र अथवा पाठोपाठ वापरण्याची पद्धत. शेतातले तण पिकाचे अन्नपाणी खाते म्हणून काढायचे असते. इथे प्रश्न विजेचा, आगीचा आणि निचऱ्याचा असतो.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात अशा जागांची दाटी आहे. पडघे येथे चंद्रपूरहून येणाऱ्या ±५०० किलोव्होल्ट एकदिश उच्चदाब वाहिनीचे टोक आहे. ७५२ किमी लांबीची व १,५०० मेगावॅट क्षमतेची ही वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. शहरातील वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून टोरेंट पॉवरकडे आहे. वितरणाचा असा फ्रँचायझी प्रयोग देशात प्रथम इथे झाला. वसई-दिवा लोहमार्ग भिवंडी रोड स्थानकावरून जातो, मुंबईच्या तानसा-वैतरणा जलवाहिन्या तालुका ओलांडून जातात आणि काल्हेर, माणकोली, राहनाळ, पूर्णा, दापोडे या गावांच्या शिवारात गोदामे उभी आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे विळ्याने कापलेले गवत पंधरवड्यात पुन्हा गुडघाभर होते.

उपकेंद्राच्या आवारात खडी पसरलेली असते ती शोभेसाठी नव्हे. जमिनीत दोषप्रवाह शिरला तर पायांमधील विभवांतर माणसाला धोक्याचे ठरते. खडीचा कोरडा, कमी वाहक थर तो धोका घटवतो. खडीत तण कुजून माती साचली की हा गुण उणावतो. लोहमार्गाच्या खडीतही मुळांनी धरलेल्या मातीमुळे पाणी तुंबते आणि रूळ बसू लागतात. गोदामांपुढचे भय ऑक्टोबरनंतर वाळलेल्या गवताचे. भिवंडीच्या गोदामांत कापडापासून रसायनांपर्यंत काहीही भरलेले असते, हे पाहता कुंपणालगतचा उघडा पट्टा ही चैन म्हणता येणार नाही.

एकाच औषधाने हे काम होत नाही. दुकानात ‘गवत मारायचं औषध’ म्हटले की पुढे येते ते ग्लायफोसेट. १९७४ पासून बाजारात असलेले हे रसायन पानातून शिरून मुळांपर्यंत जाते व आवश्यक अमिनो आम्ले बनवणारा एक विकर बंद पाडते. हरळी, लव्हाळा यांसारख्या भूमिगत खोडाच्या तणांवर त्याचा उपयोग त्यामुळेच. पण मातीत ते कणांना चिकटून निष्क्रिय होते. फवारणीनंतर रुजणाऱ्या बियांना त्याचा त्रास नाही. म्हणून त्याला जमिनीत टिकणारा जोडीदार देतात : डाययुरॉन प्रकाशसंश्लेषण रोखते, ऑक्सिफ्लोरफेन कोंब फुटतानाच जाळते, इंडॅझिफ्लॅम पेशीभित्तीचे सेल्युलोज बनू देत नाही. गाजरगवत, टाकळा, घाणेरी, रानमोडी अशा रुंद पानांच्या वनस्पतींसाठी २,४-डी घालतात. ते वाढ-संप्रेरकाची नक्कल करते आणि गवताला बहुधा सोडून देते. वेगवेगळ्या मार्गांनी मारणारी औषधे जोडल्याने प्रतिकारक्षम तण निवडले जाण्याचा वेगही मंदावतो, मात्र प्रत्येक जोडीदार त्या तणावर स्वतंत्रपणे प्रभावी असेल तरच. अर्ध्या मात्रेच्या दोन औषधांनी ते साधत नाही.

सगळ्या जोड्या जमतात असे नाही. पॅराक्वाट काही तासांत पान करपवते, त्यामुळे बरोबर घातलेल्या ग्लायफोसेटला मुळांकडे जायला वाटच उरत नाही. डाययुरॉनच्या पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीतील मातीसदृश भराव ग्लायफोसेटला काही प्रमाणात बांधून ठेवतो. गढूळ पाणी तेच करते. नाल्यातले पाणी पंपात भरणाऱ्याचे बरेचसे औषध टाकीतच वाया जाते. जड पाण्यातील कॅल्शियमही ग्लायफोसेटला अडवते; त्यावर अमोनियम सल्फेट आधी विरघळवणे हा जुना, स्वस्त इलाज आहे. टाकीत आधी पाणी, मग भुकटी, मग द्रवरूपे आणि शेवटी चिकटद्रव्य हा क्रम चुकला की गाळ धरून नोझल तुंबते.

भिवंडीत मिश्रणापेक्षा मुहूर्त महत्त्वाचा, असे म्हणावेसे वाटते. टिकाऊ औषध मातीत मुरायला हलका पाऊस हवा, पण जूनच्या मध्यानंतर पडतो तो बदाबदा. खडीत चिकणमाती नसल्याने औषध धरून ठेवायला काही नसते. ते गटारातून कामवारी नदीत आणि पुढे खाडीत जाते. म्हणून टिकाऊ औषधाची मात्रा मोसमी पावसाच्या तोंडावर एकदम ओतणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. श्रावणातील उघडीप किंवा परतीचा पाऊस सरतानाचे दिवस ग्लायफोसेटला अधिक मानवतात, कारण तेव्हा बहुवर्षायू तणे साखर मुळांकडे नेत असतात आणि औषध तिच्याबरोबर खाली उतरते. फवारल्यावर पानावर काही तास पाऊस नको.

वीजवाहिनीखालच्या पट्ट्याचे गणित वेगळे आहे. १३२ किलोव्होल्टसाठी सुमारे २७ मी. आणि २२० किलोव्होल्टसाठी सुमारे ३५ मी. रुंदीचा मार्गाधिकार धरतात. तिथे जमीन उघडी करण्यात शहाणपण नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९५३ पासून चाललेल्या निरीक्षणांतून दिसले, की उंच वाढणारी झाडे निवडून काढली आणि गवत-झुडपे राखली तर तीच पुढच्या रोपांना दाबून ठेवतात. भिवंडीच्या पट्ट्यात याचा अर्थ सुबाभळीचा बुंधा कापून लगेच त्यावर औषध लावणे आणि शेजारचे गवत तसेच ठेवणे. महापालिका हद्दीत मात्र १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आडवा येतो. त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हीसुद्धा वृक्षतोड धरली आहे, त्यामुळे विष घालून वाळवलेले झाड परवानगीतून सुटत नाही.

दोन शेजारी नाजूक आहेत. पहिला शेजारी भात. २,४-डीचा उडालेला तुषार भात सहसा सोसतो, ग्लायफोसेटचा नाही. उलट भाजीपाला आणि वेलवर्गीय पिके २,४-डीनेच पिळवटतात. त्याचे एस्टर रूप उन्हात वाफ होऊन लांब जाते, म्हणून वस्तीजवळ अमाइन रूप बरे. दुसरा शेजारी खाडीकाठचे तिवर, म्हणजे खारफुटी. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने फवारलेले ‘एजंट ऑरेंज’ हे २,४-डी आणि २,४,५-टी यांचे समभाग मिश्रण होते. तिथली खारफुटी एकेका फवारणीत मेली. (त्यातील कुख्यात डायॉक्सिन २,४,५-टीच्या निर्मितीत येत असे, २,४-डीवर तो ठपका थेट ठेवता येत नाही.) काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडीकडे उतरणाऱ्या नाल्यांच्या काठी रसायनाऐवजी कोयताच चालवावा. पिसे येथील भातसा नदीवरचा उपसा आणि पांजरापूरचे जलशुद्धीकरण याच तालुक्यात असल्याने त्या बाजूलाही हाच नियम योग्य.

कीटकनाशक अधिनियम, १९६८ तणनाशकांनाही लागू आहे आणि तयार मिश्रणाची स्वतंत्र नोंदणी व्हावी लागते. ग्लायफोसेटची भारतातील लेबल-मान्यता चहाचे मळे व बिगरपीक क्षेत्र यांपुरती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्कजनक’ गटात घातले. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय आदेशाने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. म्हणजे त्या आदेशानुसार गोदामाच्या पहारेकऱ्याच्या पाठीवर पंप देऊन काम उरकणे नियमबाह्य ठरले. २०२० मध्ये केंद्राने बंदीसाठी प्रस्तावित केलेल्या २७ कीडनाशकांत २,४-डी, डाययुरॉन व ऑक्सिफ्लोरफेन ही तिन्ही होती. पॅराक्वाटला उतारा नाही; पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय त्यामुळे जीवघेणी ठरते.

तणाला तण म्हणणे हेही पाहणाऱ्यावर असते. पावसाच्या सुरुवातीला रस्त्याकडेला आणि तारांखाली उगवणारा कोवळा टाकळा, कुर्डू आदिवासी बाया खुडतात आणि बाजारात रानभाजी म्हणून विकतात. ही खुडणी नेमकी पहिल्या फवारणीच्या दिवसांत येते. कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात पहिली फेरी विळ्याने करावी आणि औषध भाजी निबर झाल्यावर, म्हणजे श्रावणाच्या पुढे ढकलावे. फवारलेल्या जागी मराठीत फलक लावून गुरे व खुडणारे यांना लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत अटकाव करावा.