पटावरील तीन भगिनी

ज्या वर्षांत आपल्या मंडळाचा पाया घातला गेला, त्याच सुमारास मुंबईतील एका मराठी घराण्याच्या तीन मुलींनी स्त्रियांच्या क्रीडेतिहासात एक पान लिहिले. सुवर्णमहोत्सवी अंकात त्याचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली सुरू झाली. पहिले अजिंक्यपद वासंती खाडिलकर यांनी पटकाविले आणि पुढे १९८३ पर्यंत ते वासंती, जयश्री व रोहिणी या तीन भगिनींच्या घरातच राहिले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या या पणत्या. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर हे त्यांचे वडील.

१९७६ साली अवघ्या तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. बुद्धिबळ हा छपराखाली, बसून खेळावयाचा खेळ. येथे ना बाहुबळाची सबब, ना उन्हातान्हाची. तरीही दार अडविले गेले. म्हणजे आक्षेप शक्तीचा नव्हता, बरोबरीने बसण्याचा होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. येथे मुलीला घरी धाडले गेले नाही. नियम बदलावा लागला. कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली संधी एका मुलीपुरती असते; नियमाने मिळालेली तिच्यामागून येणाऱ्या सर्वांची होते.

जयश्री १९७९ साली आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झाल्या. असा बहुमान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या ठरल्या. पुढे जयश्रीताईंनी 'नवाकाळ'च्या संपादकपदाची धुराही वाहिली. पटावर स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची सवय लागलेल्या स्त्रीस अग्रलेखाची जबाबदारी जड वाटली नसावी. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला, तेव्हा हीच परंपरा पुढे सरकली.

आम्हां मुनिरकावासीयांस हा इतिहास दूरचा वाटू नये. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री येथील बसथांब्यावरून बसमध्ये चढलेल्या तरुणीवर जो अत्याचार झाला, त्याने सारा देश हादरला. मुलीच्या आईबापांची चिंता खरी आहे. तिची थट्टा कोणी करू नये. परंतु त्या चिंतेवर उपाय म्हणून मुलींची संध्याकाळच काढून घेतली, तर अपराध्याची शिक्षा मुलीलाच होते. मुलगा सातला मैदानावरून परततो, मुलगी पाचला घरात, हा आपल्या घरांतील अलिखित नियमच होय. तोही बदलता येतो. दोन-चार कुटुंबांनी मिळून मुलींना सरावास पोचविण्याची व परत आणण्याची पाळी लावून घ्यावी, एवढ्याने आरंभ होईल. परमुलखात पन्नास वर्षे एकमेकांच्या आधाराने राहिलेल्या मंडळास हे काम कठीण नाही.