सुरीच्या आधी दूध : अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याचा इतिहास

मंडळी, भाईंदरहून शीवला जायचं तर पश्चिम रेल्वेने दादर गाठायचं आणि तिथून मध्य रेल्वेची गाडी पकडायची. आजच्या इतिहासातलं महत्त्वाचं पान त्या शीवमध्ये लिहिलं गेलं. त्याचा भाईंदरशी काय संबंध, ते शेवटी सांगतो.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. कधी कधी दूध सुरू झाल्यावर पोट फुगतं, हिरवी उलटी होते, शीमधून रक्त जातं आणि आतड्याचा काही भाग मरू लागतो. डॉक्टर याला 'नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस' म्हणतात. १९७८ मध्ये अमेरिकेतले मार्टिन बेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या : संशय, खात्री आणि गंभीर अवस्था. आतड्याला भोक पडलं की बहुधा ऑपरेशन करावं लागतं. मेलेला भाग काढायचा, चांगलं टोक पोटावर बाहेर आणायचं, बाळ सावरलं की पुन्हा जोडायचं. पण फारच भाग काढावा लागला, तर वाचलेल्या बाळाला उरलेलं आतडं पुरत नाही. सर्जन कितीही कुशल असो, गेलेलं आतडं तो परत आणू शकत नाही.

मग त्याआधी काय करता येईल?

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यापुढे जंतुसंसर्गाने दगावणारी बाळं होती. त्यांनी वरचं दूध थांबवून आईच्या दुधावर भर दिला आणि आयांनाच बाळांच्या देखभालीत सामील करून घेतलं. पण जिला दूधच येत नाही, तिच्या बाळाचं काय? त्यासाठी १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, गार करून गोठवतात.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, इंग्लंडमधल्या लुकास आणि कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. फक्त पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्ये हा आजार, फक्त आयांच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट जास्त दिसला. दूध म्हणजे हमी नव्हे. पण धोका नक्की कमी होतो.

आता भाईंदरचा संबंध. बाळंतीण इथे आणि बाळ रुग्णवाहिकेतून मुंबईला, अशी वेळ कुणावरही येते. अशा धावपळीत आपण फाईल विसरत नाही. त्याच आठवणीने सिस्टरना विचारा, 'आईचं दूध कसं काढायचं, थंड ठेवून कसं पोचवायचं?' चमचाभर चीकसुद्धा वाया घालवू नका.